जर्मनीचं १०३ विजेचं इंजिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मन रेल्वेवर अधूनमधून लिहीत असतो, त्यामुळे प्रश्न येतात. त्यातले निम्मे एकट्या १०३ बद्दल असतात. कुणी म्युनिकला नोकरीला असतं आणि एखाद्या जत्रेत हे इंजिन बघून येतं. कुणाच्या मुलाला वाढदिवसाला त्याचं मॉडेल मिळालेलं असतं. तीच ती उत्तरं वेगवेगळ्या लोकांना पाठवून कंटाळलो, म्हणून एकदाची इथे लिहून ठेवतोय. सोपे प्रश्न आधी आहेत, खोचक नंतर. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. १०३ म्हणजे नेमकं कोणतं इंजिन? फोटोत ओळखायचं कसं?

पश्चिम जर्मनीच्या सरकारी रेल्वेचं, म्हणजे डॉइच बुंडेसबानचं, ताशी २०० किमी वेगाने प्रवासी गाड्या ओढणारं विजेचं इंजिन. चार नमुना इंजिनं १९६५ मध्ये आली. त्यानंतर १९७० ते १९७४ या काळात १४५ इंजिनं बनली. एकूण १४९.

ओळखायला सोपं आहे. दोन्ही टोकं गोलसर आणि मागे झुकलेली, खालचा भाग गडद लाल, वरचा साईच्या रंगाचा. कुशीवर हवा आत घ्यायच्या जाळ्यांची लांबलचक रांग. रांग एकच असेल तर ते १९६५ चं नमुना इंजिन, एकावर एक दोन असतील तर नंतरचं उत्पादन. हा गोल चेहरा सजावटीसाठी केलेला नाही. वातबोगद्यात छोटी प्रतिकृती ठेवून, हवेचा अडथळा कमीत कमी कसा होईल हे बघत तो ठरवला गेला.

२. मुलाच्या मॉडेलवर "ई ०३" लिहिलंय, दुकानदार "१०३" म्हणतो. दोन वेगळी इंजिनं आहेत का?

नाही, एकच. जुन्या पद्धतीत "ई" म्हणजे इलेक्ट्रिक, आणि पुढचा आकडा लहान असेल तर वेगवान गाडीचं इंजिन. १ जानेवारी १९६८ पासून बुंडेसबानने संगणकाला सोयीचे क्रमांक आणले. वाफेच्या इंजिनांना सुरुवातीला ०, विजेच्या १, डिझेलच्या २. म्हणून ई ०३ चं झालं १०३, ई १० चं ११०.

त्या तारखेपर्यंत फक्त चार नमुना इंजिनंच तयार होती. तेव्हा "ई ०३" हे नाव खऱ्या अर्थाने त्या चौघांनाच शोभतं, उत्पादनातलं एकही इंजिन त्या नावाने धावलं नाही. मॉडेलवर ई ०३ आणि जाळ्यांच्या दोन रांगा असं दिसलं, तर बनवणाऱ्याची चूक आहे. मुलाला सांगू नका.

३. मुळात हे इंजिन बनवायचं का ठरलं?

१९६० च्या सुमारास बुंडेसबानचं दुखणं साधं होतं. लोकांकडे मोटारी आल्या होत्या, महामार्ग होते, विमानं स्वस्त होत होती, आणि रेल्वेच्या सगळ्यात मानाच्या गाड्याही १४० च्या पुढे जात नव्हत्या. १९६२ मध्ये राइनगोल्ड गाडीसाठी ई १० इंजिनाची १६० ने धावणारी आवृत्ती निघाली, पण तिच्यात वाढीला जागा फारशी नव्हती.

वेग जर्मनांना नवा होता असं मात्र नाही. १९०३ मध्येच बर्लिनजवळच्या मारीनफेल्डे ते त्सोसेन या लष्करी रुळांवर विजेच्या प्रायोगिक गाडीने २१० गाठले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ई १९ नावाची १८० च्या वेगाची इंजिनंही बनली होती. युद्धात सगळं बारगळलं.

नव्या इंजिनाकडून मागणी होती ती ३०० टनांची गाडी, २०० ला १ चढ असला तरी, २०० च्या वेगाने ओढायची. हा ३०० टनांचा आकडा लक्षात ठेवा. १०३ च्या पुढच्या सगळ्या कहाणीचं घोडं तिथेच अडतं (प्रश्न ११).

४. थेट नवीन इंजिनच बनवलं, की आधी काही प्रयोग केले?

आधी दोन जुनीच घेतली. ई १० २९९ आणि ई १० ३०० या दोघांना वेगवेगळ्या धाटणीच्या बोगी आणि चाकांना ताकद पोचवण्याच्या वेगवेगळ्या यंत्रणा दिल्या आणि १९६३ मध्ये बांबर्ग ते फोर्खहाइम या सरळसोट मार्गावर २०० पर्यंत पळवलं. (आपण बोलताना डब्यालाच बोगी म्हणतो. इथे बोगी म्हणजे डब्याखालचा किंवा इंजिनाखालचा चाकांचा गाडा.)

प्रयोग कशाचा होता, तर मोटरच्या वजनाचा. मोटर थेट आसावर लटकवली तर तिचं वजन स्प्रिंगच्या खाली जातं, आणि रुळातला प्रत्येक खाचखळगा चाक हातोड्यासारखा ठोकत जातं. १०० च्या वेगाला हे चालून जातं, २०० ला रूळ उखडतात. म्हणून मोटर बोगीच्या सांगाड्यावर बसवायची, आसाभोवती एक पोकळ दांडा ठेवायचा आणि मधे रबराचे जोड द्यायचे. मोटर आणि चाक वेगवेगळे हलू शकतात, पण फिरतात एकत्र.

५. १९६५ च्या म्युनिकच्या प्रदर्शनात नक्की काय झालं?

त्या वर्षी म्युनिकला आंतरराष्ट्रीय वाहतूक प्रदर्शन भरलं होतं. ऑक्टोबर १९६४ मध्ये जपानच्या शिंकान्सेनने २१० ने धावून युरोपाची झोप उडवली होती, त्यामुळे काहीतरी दाखवणं भागच होतं. ई ०३ ची नमुना इंजिनं जेमतेम रंग वाळून बाहेर पडली होती. २६ जूनपासून ती म्युनिक ते ऑग्सबुर्ग या ६२ किमीच्या मार्गावर खास गाड्या घेऊन २०० ने धावायला लागली. ३ ऑक्टोबरपर्यंत ३४७ फेऱ्या झाल्या. तिकीट काढून कुणीही बसू शकत होतं.

शिंकान्सेनसाठी जपानने नवा मार्ग बांधला होता. म्युनिक-ऑग्सबुर्ग हा रोजच्या गाड्यांचा, मालगाड्यांचा, एकोणिसाव्या शतकातला मार्ग. माझ्या मते १०३ ची खरी मिजास ती आहे: घर जुनंच, नवरी नवी.

६. मग लगेच सगळीकडे २०० सुरू का झालं नाही? मधे काही वर्षं बंद होतं म्हणतात.

म्हणतात ते बरोबर आहे. प्रदर्शनानंतर मोजक्या गाड्या म्युनिक-ऑग्सबुर्गवर २०० ने धावल्या. पण साठीच्या दशकाच्या शेवटी ते थांबवलं, आणि १९७७ मध्ये पुन्हा सुरू झालं. सिग्नलांचं काम खर्चाचं होतं आणि रूळही झिजत होते.

सिग्नलची गोष्ट अशी. जर्मनीत मुख्य सिग्नलची आगाऊ सूचना देणारा खांब साधारण १,००० मीटर आधी असतो. १६० पर्यंत चालक तो बघून गाडी थांबवू शकतो. २०० ला तेवढं अंतर कापायला १८ सेकंद लागतात आणि गाडी त्या १,००० मीटरांत थांबत नाही. खांब आणखी मागे सरकवले तर मंद मालगाड्यांची पंचाईत. उपाय काढला तो वेगळाच: रुळांच्या मधोमध एक तार टाकायची, दुसरी रुळाच्या पायाशी, आणि दर १०० मीटरवर दोघींची जागा अदलाबदल करायची. इंजिन या अदलाबदली मोजतं, म्हणून आपण कुठे आहोत हे त्याला कळतं. नियंत्रण केंद्र तारेतून सांगतं की पुढे किती किलोमीटर मोकळं आहे आणि किती वेगाने जायचं. चालक खिडकीबाहेरच्या खांबाऐवजी समोरच्या पटलावरचा आकडा बघतो. ही यंत्रणा किलोमीटर किलोमीटर बसवत जायची होती, आणि १०३ तोवर १६० ने धावत तिची वाट बघत बसलं. १९७० मध्ये २०० चं इंजिन हातात होतं आणि रस्ताच नव्हता.

७. सहा मोटरा कशाला? आजची इंजिनं चारमध्ये भागवतात.

कारण त्या मोटरा आजच्या नव्हेत. जर्मनीच्या ओव्हरहेड वायरमध्ये १५,००० व्होल्ट असतात, पण घरातली ५० हर्ट्झची वीज नव्हे, तर तिच्या एक तृतीयांश, १६⅔ हर्ट्झ. (आता अधिकृतपणे १६.७ म्हणतात.) १९१२ च्या सुमारास प्रशिया, बव्हेरिया आणि बाडेनच्या रेल्वेंनी मिळून हे ठरवलं. त्या काळी थेट एकफेजी विजेवर चालणारी मोटर हवी होती, आणि तिच्या कम्युटेटरवर (फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या तांब्याच्या कड्यावर) ब्रशखाली ठिणग्या पडतात. हर्ट्झ जितके जास्त तितक्या ठिणग्या जास्त. म्हणून हर्ट्झच कमी केले.

१०३ मध्ये त्याच जातीच्या मोटरा आहेत, फक्त परिपूर्णतेला नेलेल्या. अशा एका मोटरीतून किती काढता येईल याला मर्यादा होती, म्हणून तीन आस असलेल्या दोन बोगी, सहा मोटरा, आणि उत्पादनातल्या इंजिनाचं वजन ११४ टनांच्या आसपास. तेवढ्याच जागेत त्या मोटरा थंड ठेवायच्या म्हणून कुशीवर जाळ्यांच्या दोन रांगा.

शिवाय सहा आस असले की वजन विभागलं जातं आणि रुळावर एका आसाचा भार कमी पडतो. २०० च्या वेगाला ते महत्त्वाचं.

८. ताकद किती? कुठे ७,४४० किलोवॅट वाचतो, कुठे १०,०००च्या वर.

दोन्ही बरोबर, मोजण्याचा काळ वेगळा. उत्पादनातलं १०३ तासन्‌तास ७,४४० किलोवॅट देऊ शकतं. वेग पकडताना काही मिनिटांसाठी त्याच्याकडून १०,००० च्या आसपास काढता यायचे, कारण मोटर तापायला वेळ लागतो. माणूस जिना धावत चढतो, पण दिवसभर धावत नाही, तसं. नमुना इंजिनं सुमारे ५,९५० वर थांबायची. उत्पादनात हा आकडा वाढवला, कारण तोवर ३०० टनांची गाडी कागदावरच राहणार हे कळून चुकलं होतं.

नंतरच्या काळात ही अल्पकाळची ताकद मुद्दाम कमी केली, इंजिनं जपण्यासाठी. म्हणून जुन्या आणि नव्या तक्त्यांत फरक दिसतो.

९. यात टॅप चेंजर आहे का? आपल्या भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूएपी-४ इंजिनासारखा?

आहे, आणि तत्त्व तेच. ट्रान्सफॉर्मरच्या उच्च दाबाच्या बाजूला पायऱ्या काढलेल्या असतात आणि एक फिरता स्विच पायरीपायरीने मोटरांना जास्त व्होल्ट देत जातो. डब्ल्यूएपी-४ ला ३२ पायऱ्या, १०३ ला ३९. जुन्या एसी इंजिनात ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना गाडी सुटतानाचे हलके हिसके आठवतील, तेच.

फरक पुढे आहे. आपल्याकडे पायरीनंतर रेक्टिफायर येतो आणि मोटरला डीसी मिळते. १०३ मध्ये रेक्टिफायर नाही, एसी थेट मोटरमध्ये जाते (प्रश्न ७). आणि १०३ मध्ये पायरी बदलताना होणारा विजेचा जाळ टाळायला थायरिस्टर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, बसवले होते, जे १९६५ साली नवंच होतं.

आणखी एक यंत्रणा चालकाच्या हातात होती. हवा तो वेग आधी ठरवायचा, इंजिन स्वतः पायऱ्या चढत-उतरत, ब्रेक लावत तो पाळायचं. मोटारीतल्या क्रूझ कंट्रोलचा थोरला भाऊ. याच यंत्रणेचं नाव पुढे एका वाईट प्रसंगात घेतलं गेलं.

१०. राइनवाइलरचा अपघात १०३ च्या दोषामुळे झाला का?

२१ जुलै १९७१. बाझेलहून उत्तरेला निघालेली श्वाइत्स-एक्सप्रेस फ्रायबुर्गच्या अलीकडे राइनवाइलर गावाजवळच्या वळणावर आली. तिथे मर्यादा ७५ होती, गाडीचा वेग १४० च्या आसपास होता. १०३ १०६ आणि मागचे डबे बांधावरून खाली गेले, खालचं एक घर उद्ध्वस्त झालं. २३ माणसं गेली, शंभराहून अधिक जखमी झाली. चालकही वाचला नाही. इंजिन जेमतेम नवं होतं.

संशय गेला तो प्रश्न ९ मधल्या स्वयंचलित वेगनियंत्रणावर, की तिने चुकून वेग वाढवला असावा. शंभर टक्के सिद्ध झालं नाही. पण रेल्वेने ती यंत्रणा तूर्तास बंद केली, आणि अशा वळणांआधी वेग तपासणारी चुंबकं बसवायला घेतली, म्हणजे गाडी वाजवीपेक्षा वेगात आली तर आपोआप ब्रेक लागेल. "चालकाने झोप काढली" किंवा "इंजिनच खराब होतं" असं ठामपणे कुणी लिहिलं, तर त्याला पुरावा विचारा.

११. सगळे म्हणतात "१०३ ला फार राबवलं". म्हणजे काय?

या एका प्रश्नासाठी बाकीचं सगळं लिहिलं असं म्हटलं तरी चालेल.

सप्टेंबर १९७१ मध्ये इंटरसिटी गाड्या सुरू झाल्या. फक्त पहिला वर्ग, दर दोन तासांनी, डबे थोडे. १०३ याच कामासाठी जन्माला आलं होतं, आणि ती काही वर्षं त्याची सुखाची. पण पहिल्या वर्गात बसणारे व्यापारी पुरेसे नव्हते. मे १९७९ पासून बुंडेसबानने घोषणा केली: दर तासाला, प्रत्येक वर्ग. दुसऱ्या वर्गाचे डबे लागले, लोकांनी गाड्या भरून टाकल्या, आणि गाडी दहा-बारा डब्यांवर गेली. ३०० टनांचा हिशेब कधीच मागे पडला. ५००-६०० टन, तेही २०० ने, दर थांब्यानंतर पुन्हा शून्यापासून.

१०३ ने ते केलं. पण घड्याळ बघा: तासाला गाडी म्हणजे इंजिनाला विश्रांती नाही. हँबुर्गहून आलं की वळून परत. रोज हजार किलोमीटरच्या आसपास, आठवडेच्या आठवडे. वेग पकडायच्या त्या काही मिनिटांच्या ताकदीवर (प्रश्न ८) सगळा डोलारा उभा, आणि त्या मिनिटांत टॅप चेंजर आणि ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो. ऐंशीच्या दशकात दुरुस्त्या वाढल्या. देखभाल सोपी व्हावी म्हणून खालचे पडदे आणि बफरवरची आवरणं काढून टाकली गेली. वातबोगद्यात घालवलेले ते तास कारखान्याच्या कोपऱ्यात पत्र्यांच्या ढिगात जमा झाले. ज्यांनी १०३ १९७२ मध्ये पाहिलं आणि पुन्हा १९९२ मध्ये, त्यांना दात पडलेला गवई बघितल्यासारखं वाटलं असणार.

इंजिन कमी पडलं असं मी म्हणणार नाही. ठरवलेल्या कामाच्या दुप्पट काम वीस वर्षं रेटलं.

१२. माझ्याकडच्या दोन फोटोंत लांबी वेगळी दिसते. भास आहे का?

भास नाही. १०३ १०१ ते १०३ २१५ ही १९.५ मीटर लांब आहेत. १०३ २१६ ते १०३ २४५ ही शेवटची तीस ७० सेंटिमीटरने लांब. चालकांची तक्रार होती की केबिन फार आखूड आहे, आणि गोल चेहऱ्यामुळे आत आणखी जागा जाते. ११५ इंजिनं बाहेर पडल्यावर कुठे त्यांचं ऐकलं. फोटोत चालकाच्या दाराच्या मागचा भाग बघा, लगेच कळतं.

पेंटोग्राफही, म्हणजे छतावरचे वायरमधून वीज घेणारे सांगाडेही, बघा. सुरुवातीच्या इंजिनांना कात्रीसारखे चौकोनी होते, नंतरच्यांना एका हाताचे. पण पेंटोग्राफवरून क्रमांक ठरवायला जाऊ नका, ते मागाहून बदलले गेले आहेत.

१३. "१०३ २४५-७" मधला शेवटचा ७ कशाचा?

तो पडताळणीचा आकडा. टेलिप्रिंटरवर क्रमांक चुकीचा टाइप झाला तर संगणकाने पकडावा म्हणून. हिशेब हाताने करता येतो, करून बघू.

१, ०, ३, २, ४, ५ हे सहा आकडे. त्यांना क्रमाने १, २, १, २, १, २ ने गुणा: १, ०, ३, ४, ४, १०. दोन अंकी आलेल्या १० चे अंक वेगळे धरायचे, म्हणजे १ आणि ०. आता बेरीज: १+०+३+४+४+१+० = १३. पुढच्या दहाच्या पटीला, म्हणजे २० ला, किती कमी? ७. म्हणून १०३ २४५-७.

मॉडेलवरचा क्रमांक असा तपासून बघण्याचा मला जरा नाद आहे. १०३ १०१ ला २ यायला हवा, १०३ ११३ ला ७.

१४. वेगाचा विक्रम किती? २५०, २६५, २८३, सगळे वाचले.

१०३ चा रोजचा कमाल वेग २०० च. बाकीचे आकडे चाचण्यांचे. सप्टेंबर १९७३ मध्ये वेगळ्या गियरच्या १०३ ने २५२.९ गाठले. १९८५ मध्ये नमुना इंजिनांपैकी १०३ ००३ ने २८३ गाठले, तेव्हा ते चाचणी विभागाकडे होतं आणि हाय-स्पीड गाड्यांची तयारी चालू होती. २६५ हा आकडा बहुधा १२० मालिकेतल्या इंजिनाचा, १९८४ चा, तो १०३ च्या खात्यावर जमा होतो (१२० बद्दल प्रश्न १६).

जागतिक विक्रम मात्र १०३ कडे कधीच नव्हता. फ्रान्सने १९५५ मध्येच इंजिन ३३१ ने पळवून दाखवलं होतं, त्यात रुळांची वाट लागली ती गोष्ट वेगळी.

१५. काही १०३ पूर्ण लाल, एक निळं-रंगीबेरंगी. खरी की कुणी संगणकावर रंगवलेली?

खरी. १९८७ पासून बुंडेसबानने नवा नारिंगीकडे झुकणारा लाल रंग आणला, पुढे पांढरी बिब लावल्यासारखा पट्टा. रेल्वेप्रेमी चिडले, आणि मला विचाराल तर बरोबर चिडले. दोन रंगांची ती आडवी विभागणी इंजिनाच्या आकाराला धरून होती. एकरंगी केल्यावर ते सुजल्यासारखं दिसतं.

रंगीबेरंगी ते १०३ २२०, सुट्टीच्या पर्यटक गाडीसाठी नव्वदीत रंगवलेलं. आणि आजच्या जर्मन रेल्वेच्या लाल रंगात रंगलेलं एकमेव १०३ म्हणजे १०३ २३३. या दोघांव्यतिरिक्त भलत्या रंगात दिसलं तर शंका घ्या.

१६. इतकं चांगलं होतं तर आणखी का बनवली नाहीत? किंवा मोटरा बदलून का वापरली नाहीत?

कारण तोवर मोटरचीच जात बदलली. सत्तरीत थ्री-फेज मोटर वापरण्याइतकी पॉवर इलेक्ट्रॉनिक्स तयार झाली. या मोटरीला ब्रश नाहीत, कम्युटेटर नाही, ठिणग्या नाहीत. १९७९ मध्ये त्यावर चालणारी १२० ची नमुना इंजिनं आली, १९८७ पासून ६० उत्पादनात. चारच मोटरा, ८४ टनांच्या आसपास वजन, आणि तेच इंजिन दिवसा प्रवासी, रात्री मालगाडी. १०३ ला मालगाडी ओढायला लावणं म्हणजे अरबी घोडा टांग्याला.

जून १९९१ मध्ये आयसीई या हाय-स्पीड गाड्या आल्या आणि सगळ्यात मानाची कामं गेली. १९९६ ते १९९९ या काळात १०१ मालिका आली, चार थ्री-फेज मोटरा, ६,४०० किलोवॅट, २२० चा वेग. तिचीही संख्या १४५ च. एकास एक बदली. १०३ ची इंजिनं थकली होतीच, सुटे भाग महाग झाले होते, नव्या मोटरा बसवायच्या तर ट्रान्सफॉर्मरपासून सगळं बदलावं लागलं असतं. मग ते १०३ राहिलंच नसतं. २००३ पर्यंत नियमित सेवा जवळजवळ संपली.

१७. भारतात चाललं असतं का? चेंबूरच्या एका काकांनी पैज लावली आहे.

काका हरले. आपली गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १,६७६ मिमी, त्यांची १,४३५. आपल्या वायरमध्ये २५,००० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, त्या मोटरांसाठी तिप्पट हर्ट्झ, म्हणजे ठिणग्यांची दिवाळी (प्रश्न ७). मुंबईकडची जुनी १,५०० व्होल्ट डीसी तर आणखी लांब. इगतपुरीला डीसीचं इंजिन काढून एसीचं लावायचे ते ज्यांना आठवतं, त्यांना हे पटायला वेळ लागणार नाही: वायर बदलली की इंजिन परकं.

जर्मनीशी तुलना करायचीच असेल तर ती डब्ल्यूएपी-५ ची करा. ते थ्री-फेज मोटरांच्या पिढीचं, १९९५ च्या सुमारास आलेलं, १२० नंतरच्या विचाराचं इंजिन आहे. आपण १०३ ची पायरी मोटरच्या बाबतीत गाळूनच पुढे गेलो.

१८. आज बघायला कुठे मिळेल? ओढताना दिसेल का?

जर्मन रेल्वेच्या संग्रहालयाकडे, डीबी म्युझियमकडे, ई ०३ ००१ जपलेलं आहे, आणि त्यांच्या संग्रहात उत्पादनातलीही आहेत. कोब्लेंझ-ल्युत्सेलच्या शाखेत विजेची इंजिनं भरपूर, तिथे प्रदर्शनाच्या दिवशी जा. आधी उघडी असण्याचे दिवस तपासा, शाखा रोज उघडत नाही. म्युनिकच्या एका खासगी कंपनीने १०३ २२२ नव्या गाड्या आणण्या-नेण्याच्या आणि चाचण्यांच्या कामी वापरलं आहे. मधेच एखादी खास गाडी निघते, तेव्हा सगळ्या स्थानकांवर तिपाया उभ्या राहतात.

गेलात तर बाजूने बघू नका, समोर उभं राहून मग हळूहळू कडेला सरका. चेहरा ज्या ठिकाणी कुशीत मिसळतो, तिथे धातूची वळी हाताने फिरवल्यासारखी वाटते. आणि जाळ्या मोजा, एका बाजूला किती येतात ते मला कळवा. मी दोनदा मोजल्या आणि दोन्ही वेळा वेगवेगळं उत्तर आलं.